मागावरून उठलं कोण

सत्त्याहत्तर सालच्या मार्च महिन्यात आमच्या गल्लीत एकच वाद चालू होता. दिल्लीतलं सरकार हरलं तर ते खुर्ची सोडेल की नाही.

नागपुरातल्या पाचपावलीतली आमची गल्ली विणकरांची. सकाळी खळ लावलेलं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं असायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसं हातात कुंचे घेऊन त्यावरून फिरवत चालायची. याला पांजण म्हणत. उन्हं चढायच्या आत काम उरकावं लागे, त्यामुळे कोणी थांबून भांडत नसे; चालता चालताच भांडत. आमच्या दारासमोरून जाताना एकजण म्हणायचा, "थे कायले सोडते गा? लष्कर बोलावून घेतीन." त्याच्या समोरचा म्हणायचा, "मत मोजले का सोडाच लागते." मग ते पुढे जायचे आणि परत येईपर्यंत दोघांची मतं बदललेली असायची.

मी दारात रहाट घेऊन धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली असे. मला कोणी विचारलं नव्हतं, पण माझं मत ठाम होतं. कोणी सोडत नाही. मागची दोन वर्षं मी पाहिली होती. पानठेल्यावर राजकारण बोलणारी माणसं गप्प झाली होती, आणि शिकलेल्यांना म्हणे वर्तमानपत्रात काय छापलं नाही ते ओळखून वाचावं लागत होतं. एवढं करून बसलेली माणसं चार कागद मोजले म्हणून उठतील, यावर विश्वास ठेवायला मी काही खुळी नव्हते.

ह्यांचं मत उलट. हे फार बोलणारे नव्हते. मागावर बसले की दुपारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही, नुसता आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज. पण त्या दिवसांत मला म्हणाले, "तू पाहून घे. मोजले ना मत, मंग उठतीनच."

आणि उठले की. रेडिओवर राजीनाम्याची बातमी आली तेव्हा ह्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून सगळ्या गल्लीसाठी चहा मागवला. गंमत अशी की आमच्या नागपुरानं हरणाऱ्या पक्षालाच निवडून दिलं होतं, त्यामुळे चहा पिणाऱ्यांतले अर्धे तसे हरलेल्यांतलेच होते. तरी सगळे खूश होते. मीही होते. माझं मत खोटं ठरल्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

सोसायटीची निवडणूक घ्यावी ही कल्पना त्या चहातूनच निघाली.

आमच्या वस्तीतल्या विणकरांची सहकारी सोसायटी होती; घरी चालू माग असेल तोच सभासद. सूत सोसायटीकडून यायचं, विणलेलं लुगडं सोसायटीत जायचं. पुढं पत्र्याची ऑफिसची खोली, मागं सुताचं गोदाम. गोदामाची चावी आणि सोसायटीचा शिक्का अध्यक्षांच्या कमरेला. बारा वर्षं एकच अध्यक्ष. निवडणूक दरवेळी पुढे ढकललेली, आणि ढकलली म्हणून कोणाला वाईटही वाटलेलं नव्हतं.

या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही, हीच माझी खरी अडचण आहे. ते माझ्या माहेरचे, उमरेडचे. माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. माझं लग्न त्यांनीच जुळवलं. गल्लीतल्या माणसांना सावकाराच्या दारातून सोडवून त्यांनी सोसायटीत आणलं होतं. सुरुवातीला गाड्यावरून सुताचे गठ्ठे स्वतःच्या पाठीवर उतरवायचे. त्यांच्या घरी अजून माग होता आणि रोज थोडा वेळ तरी ते मागावर बसत. मी त्यांचा अभिमान सांगत फिरायची.

मग हळूहळू काहीतरी फिरलं. जी माणसं संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत त्यांच्या वाट्याला बारीक, एकसारखं सूत येऊ लागलं. जी बसत नव्हती त्यांना गाठी-गाठीचं. हे ओट्यावर बसणाऱ्यांतले नव्हते. आमच्या मागावर धागा एका वितीत दहादा तुटायचा. हे तो जोडायचे, पुन्हा विणायचे, पुन्हा जोडायचे. चांगला विणकर वाईट सुतानं जसा मरतो तसा दुसऱ्या कशानं मरत नाही. ह्यांची बोटं सुजायची, पण तक्रार म्हणून नाही. त्या वर्षी पहिल्यांदा म्हणाले, "सूत सगळ्याइले सारखं वाटलं पायजे. मी उभा राहतो."

मला भीतीही वाटली आणि बरंही वाटलं. उभं राहायचं ते माझ्या मामाच्या विरोधात, पण मी एकदाही नको म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधी मतदान झालं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठ्यांवर चित्रं होती. मामांचं चिन्ह मागाची फणी, ह्यांचं धोटा. डालड्याच्या डब्याला भोक पाडून त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर मोजल्या. अकरा मतांनी हे निवडून आले.

मामा उठले. कोणीतरी ह्यांच्यासाठी आणलेला हार मामांनी स्वतःच्या हातानं ह्यांच्या गळ्यात घातला. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. मग मामांनी हात जोडले आणि सगळ्यांना म्हणाले, "माया एकच अर्ज आहे. सरकारी साडीचं काम अर्ध्यावर आहे. माया सहीनं सूत उचललं, माया सहीनं माल द्यायचा आहे. ताना मागावर आहे गा. थो उतरला का चाबी देतो."

आता इथं आमची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. एका ताण्यात तीन-चार लुगडी निघत. ताणा मागावर असेपर्यंत विणकराला उठवायचं नाही, असा आमच्यात धर्म होता. भावाभावांत वाटणी झाली, घर धाकट्याच्या वाट्याला गेलं, तरी थोरला ताणा संपेपर्यंत त्याच घरात मागाखालच्या त्याच खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचा आणि धाकटा त्याला भाकर वाढायचा. घरमालकसुद्धा खोली रिकामी करून मागताना आधी विचारायचे, ताणा किती राहिला. ताण्याला पोटच्या पोरासारखं मानत. त्यामुळे मामांनी तो शब्द उच्चारताच ओट्यावरच्या सगळ्या माना हलल्या. ज्यांनी त्यांच्या विरोधात मत दिलं होतं त्यांच्याही.

आणि हे, गळ्यात हार घेऊन उभे असलेले, म्हणाले, "बरोबर आहे. तुमी बसा. ताना उतरू द्या."

घरी आल्यावर मी भडकले. "तुमी काहून हो म्हटलं? सोसायटी का माग आहे?"

"अर्धं काम आहे वं त्यायचं."

"दिल्लीवाले अर्धं काम टाकून उठले ना? का थे पूर्ण करून उठले?"

ह्यांनी हार काढून खुंटीला लावला. "थे दिल्लीचे लोक आहेत," म्हणाले. "आपण विणकर आहो."

सरकारी साडीचं काम पौषात संपलं. हे दोन माणसं घेऊन चावी मागायला गेले. मामांनी चहा पाजला आणि सांगितलं की त्याच कामाची दुसरी ऑर्डर जुन्याच कागदावर आली आहे, तिच्यावरही सही त्यांचीच लागणार. मग तिसरी आली. हे दरवेळी जायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे.

मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं ते ह्यांना तिसऱ्या खेपेला दिसलं. आमच्या मागावर ताणा खरं म्हणजे कधी उतरतच नाही. शेवटचं लुगडं कापताना विणकर फणीत, म्हणजे ताण्याचा एकेक धागा जिच्यातून ओवलेला असतो तिच्यात, जुने धागे वीतभर ठेवून देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा, बोटांना राख लावून, त्या जुन्या धाग्याला पीळ देऊन सांधतो. म्हणजे फणी पुन्हा भरायची मेहनत वाचते. आमच्या घरची फणी सासऱ्यांनी भरली होती, तिच्यातून धागा पुढे सरकतच आला होता. मामांनी नेमकं तेच केलं. ऑर्डर संपायच्या आत दुसरी सांधायची. त्यात खोटं काही नव्हतं. ज्या रीतीनं त्यांना बसू दिलं त्याच रीतीनं ते बसून राहिले. आम्हीच त्यांना हे शिकवलं होतं असं म्हणायला हवं.

मग हे शहरातल्या सदर भागात जाऊ लागले. तिथल्या एका सरकारी ऑफिसात सोसायट्यांचं काम चाले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते. त्यांनी निवडणुकीचा कागद पाहिला, खरा आहे म्हणाले, अभिनंदन केलं आणि म्हणाले, आता फक्त जुन्या अध्यक्षांनी चार्ज दिल्याचा सही-शिक्क्याचा कागद आणा. हे म्हणाले, जुने अध्यक्ष चार्ज देत नाहीत म्हणूनच तर मी इथं आलो. साहेब म्हणाले, ते बरोबर आहे, पण कागद लागेल.

"मंग थे सही देत नाई तोपर्यंत अध्यक्ष कोण?" ह्यांनी विचारलं.

"निवडून तुम्ही आले," साहेब म्हणाले. "अध्यक्ष तेच."

हे घरी येऊन मला ते सांगत होते तेव्हा मी हसले. मला हसू आवरेना. हे हसले नाहीत.

ज्यांनी धोट्याला उघडउघड मत दिलं होतं त्यांना सूत कमी येऊ लागलं. एकदम बंद नाही. या आठवड्यात गठ्ठे कमी आले, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात शिक्का घरी राहिला. कोणाला शिवी नाही, कोणाला धमकी नाही. गल्लीत धोट्याचे आवाज एकेक करून कमी झाले. मी दारात बसून ओळखू लागले, आज कोणाचा बंद पडला. आणि दोन-तीन दिवस बंद राहून जो पुन्हा सुरू झाला, तो माणूस मामांच्या ओट्यावर जाऊन आला, हेही समजू लागलं. आमच्या शेजारचा विणकर, जो चिठ्ठ्या मोजताना आनंदानं ओरडला होता, तोही गेला. येताना ह्यांना म्हणाला, "माया घरी म्हातारी बिमार आहे गा. तू समजून घे." ह्यांनी समजून घेतलं. हे सगळ्यांचंच समजून घेत होते, आणि त्याचाच मला राग यायचा. कोणाच्या तरी दारावर जाऊन बोंब मारावी, मारुतीच्या ओट्यावर बसून उपास करावा, काहीतरी करावं. मी म्हणायची, तर हे म्हणायचे, "कोणापाशी भांडू? थे मले बस म्हणतात, चहा देतात."

उन्हाळ्यात आमचंही सूत संपलं. ह्यांनी शेवटचं लुगडं कापलं, फणीत वीतभर धागे ठेवले आणि नवं सूत येईल म्हणून वाट पाहू लागले. सकाळी अंघोळ करून खड्ड्यात पाय सोडून बसायचे. समोर ताणा नाही, हातात धोटा नाही. फणीतल्या धाग्यांवर धूळ बसू नये म्हणून फुंकर घालायचे आणि दुपारपर्यंत बसून राहायचे. घरात दोनदा पेटणारी चूल एकदा पेटू लागली. दोन मुलं होती, सासूबाई होत्या. सासूबाई स्वतःच्या ताटातलं मुलांच्या ताटात ढकलायच्या आणि भूक नाही म्हणायच्या. मला भीती वाटत होती ती भुकेची नव्हती. हा माणूस असाच रिकाम्या खड्ड्यात बसून राहील आणि एक दिवस त्याचं डोकं फिरेल, याची भीती होती.

म्हणून मी गेले. ह्यांना न सांगता, भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन.

मामा जेवायला बसले होते. मला पाहून त्यांनी मामींना ताट घ्यायला सांगितलं. "जेवल्याबिगर जाऊ नोको पोरी," म्हणाले. वरण-भात, वर तूप, वांग्याची भाजी. मी जेवले. मुलं आठवली, तरी जेवले. त्यांनी निवडणुकीचा विषय काढला नाही. उमरेडचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मग हात धुऊन म्हणाले, "सूत पायजे ना? मले सांगाचं नाई काय आधी? मी का परका आहो?"

गोदामातून त्यांनी स्वतः गठ्ठा काढला. असं सूत मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. बारीक, मऊ, एक गाठ नाही. मला रडू फुटलं. त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडले हेही लिहून ठेवते, लपवत नाही.

"इथं सही कर," ते म्हणाले आणि एक चिठ्ठी पुढे केली.

मी सातवी शिकलेली. गल्लीतल्या बाकी बाया अंगठा लावायच्या, मी सही करायची. माझं नाव वळणदार अक्षरात लिहिताना मला नेहमी छाती भरून आल्यासारखं वाटे. त्या दिवशीही मी नीट, सावकाश, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून सही केली. वर लिहिलेलं मी वाचलंही होतं. सोसायटीचे अध्यक्ष यांच्या हस्ते सूत मिळाले. सूत तर त्यांच्याच हातून मिळालं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

घरी आल्यावर गठ्ठा ह्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "मामाच्या घरून आणलं. मारायचं असन तं मारा."

ह्यांनी कधी हात उगारला नव्हता, तेव्हाही नाही. सूत हातात घेऊन धागा बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला. त्यांचा चेहरा मी वाचू शकले नाही. अपमान होता, आणि त्याच्या खालून भूक दिसत होती. विणकराची भूक, पोटाची नाही. चांगलं सूत समोर असताना न विणणं त्यांच्यानं झालं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत आमची पांजण लागली आणि मी बोटांना राख लावून धागे सांधायला त्यांच्याजवळ बसले. आम्ही दोघं दिवसभर सांधत होतो. मला वाटलं, मी घर वाचवलं.

पहिलं लुगडं निम्मं झालं असेल तेव्हा सदरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. साहेब बदलले होते, नवे साहेब कडक आहेत असं ऐकलं होतं. हे स्वच्छ सदरा घालून गेले. जाताना मला म्हणाले, "आज काहीतरी होईन." सायकलवर टांग टाकताना हसले पण.

दुपार टळल्यावर परत आले. सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले, पाणी प्यायले. मी समोर उभी होते. मग सांगितलं. नव्या साहेबांनी खरंच फाईल वाचली होती. फाईलमध्ये मामांनी एक चिठ्ठी लावून दिली होती. निवडून आलेल्या माणसाच्या घरचेच लोक मला अध्यक्ष मानून माझ्या हातून सूत घेतात, मग वाद कसला, असा त्यांचा अर्ज. साहेबांनी चिठ्ठी ह्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, ही सही तुमच्या घरची का. हे हो म्हणाले. खोटं बोलायचं ह्यांच्या डोक्यात आलं नसणार. साहेबांनी फाईल बंद केली.

मी भिंतीला टेकले.

"सही चांगली आहे तुयी," हे म्हणाले. "साहेब पण म्हणाले, अक्षर चांगलं आहे."

टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणे मारता येत नव्हते. त्यांनी ते जसं घडलं तसं सांगितलं, आणि त्यामुळे मला आजही ते वाक्य आठवलं की जीव नकोसा होतो. मारलं असतं तर मी एव्हाना विसरले असते.

ताणा त्यांनी पूर्ण केला. सगळी लुगडी विणली, एकाच्याही काठात कुठं चूक नाही. गल्लीतले लोक पाहायला येत आणि असं विणणारा आता दुसरा नाही म्हणत. शेवटचं लुगडं कापल्यावर ह्यांनी फणीत वीतभर धागे ठेवले नाहीत. सगळे ओढून काढले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून आत गेल्या. मी म्हणाले, "अवो, काय करून राहिले?" त्यांनी धाग्यांचा गोळा करून माझ्या हातात दिला, चुलीला उपयोगी पडेल म्हणाले, आणि खड्ड्यातून पाय वर घेतले.

लुगडी सोसायटीत नेऊन ह्यांनीच मामांच्या हातात दिली. मामांनी म्हणे पाठ थोपटली आणि नवं सूत काढायला उठले. हे म्हणाले, नोको.

त्यानंतर ह्यांना कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणीवर काम मिळालं. टोपल्यांनी कोळसा भरायचं. ज्या हातांना धाग्यातली गाठ न पाहता कळायची ते हात पहिल्याच पावसाळ्यात असे झाले की मुलाच्या गालावरून फिरवले तर मूल रडायचं. खड्डा मी बुजवला, कारण धाकटी त्यात पडली होती. माती टाकताना मला काही वाटलं नाही. वाटायचं ते आधीच वाटून संपलं होतं.

गल्ली म्हणायची, मामांनी कोणाला उठवलं नाही, हाच स्वतःहून उठला. ते खरंच होतं. हरलेला माणूस बसून राहिला आणि जिंकलेला उठला, आणि दोन्ही गोष्टी इतक्या शांतपणे झाल्या की पानठेल्यावर कोणी त्यावर वादसुद्धा घातला नाही. पुढे दिल्लीत सरकारं आली, पडली, हरलेले परत आले. लोक रेडिओला कान लावून बसायचे, आता हा सोडेल का, तो सोडेल का. मी तिथून उठून जायची. दिल्लीतल्याला उठवायला देश होता, वर्तमानपत्रं होती, जग पाहत होतं. आमच्या पत्र्याच्या खोलीतल्या खुर्चीकडे पाहणारे आम्हीच होतो, आणि आम्हाला सूत हवं होतं.

सोसायटीची निवडणूक पुन्हा झाली नाही. मामा आणखी आठ वर्षं अध्यक्ष राहिले आणि अध्यक्ष म्हणूनच गेले. तोवर यंत्रमागाच्या साड्यांनी बाजार भरला होता. सीताबर्डीच्या दुकानांत आमचं लुगडं मागणारी बाई दिसेनाशी झाली होती आणि गोदामात सुतापेक्षा उंदीर जास्त होते. हे त्यांच्या मौतीला गेले, खांदा दिला. मीही गेले. मामींच्या गळ्यात पडून रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

महिन्याभरानं सदरच्या त्या ऑफिसातून रजिस्टर पत्र आलं. हे खाणीवरून येऊन हातपाय धूत होते. पत्र मी फोडलं आणि वाचून दाखवलं. विद्यमान अध्यक्षांचं निधन झाल्यामुळे चार्जचा प्रश्न उरलेला नाही, सबब शेवटच्या निवडणुकीत निवडून आलेल्या इसमानं पंधरा दिवसांत येऊन अध्यक्षपदाचा कार्यभार घ्यावा. आठ वर्षांत त्या ऑफिसानं ह्यांना कागदावर पहिल्यांदाच निवडून आलेला इसम म्हटलं होतं. मी दोनदा वाचलं. खाली एक ओळ आणखी होती. सोबत घरी चालू माग असल्याचा दाखला जोडावा.

हे टॉवेलनं हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत राहिले. कोळसा टॉवेलला लागत नव्हता, तो कातडीत गेला होता.

"लिहून दे," म्हणाले. "माग नाही म्हणून."

मी कागद घेतला. माग होता तिथली जमीन एव्हाना शेणानं सारवून सपाट झाली होती. तिथंच बसून मी तेवढंच एक वाक्य लिहिलं आणि सहीसाठी कागद ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी दौतीत अंगठा बुडवून तो कागदावर उठवला. ह्यांना सही करता येत होती. मीच शिकवली होती, निवडणुकीच्या आधी, अध्यक्षाला लागेल म्हणून.